साइट कम्प्युटरवर छान दिसते, पण गिऱ्हाईक मोबाइलवर आहे

धंद्याच्या वेबसाइटबद्दल काही अडत असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, मेल आले, व्हॉइस मेसेजही आले, आणि फिरून फिरून बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, मोबाइल. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, त्यामुळे फक्त गाव आणि व्यवसाय देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, पेट्या पुण्या-मुंबईला थेट घरपोच देतो. चार-पाच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली, कम्प्युटरवर एकदम मस्त दिसते. पण मोबाइलवर सगळं बारीक बारीक, दोन बोटांनी मोठं करून वाचायला लागतं. गिऱ्हाइकं म्हणतात साइट वाचता येत नाही, तुम्हीच फोनवर रेट सांगा. आता एकजण म्हणतोय की सगळी साइट काढून नवीनच करायला लागेल, आणि आकडा मोठा सांगतोय. खरंच नवीन करायला लागेल का? सीझनच्या आधी व्हायला हवं.
*(आंबा बागायतदार, देवगड)*

उत्तर : एवढ्यात पैसे देऊ नका दादा, आधी एक गोष्ट तपासून घ्या. सगळं पान जसंच्या तसं पण बारीक होऊन दिसतंय, याचा अर्थ बहुतेक वेळा कोडमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ नसते. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळ्या साइट कम्प्युटरसाठीच केलेल्या होत्या, मग ॲपलने ब्राउझरमध्ये अशी सोय केली की फोनने आपली रुंदी ९८० पिक्सेल आहे असं धरून चालायचं, त्या मापाने पान मांडायचं, आणि मग ते आक्रसून छोट्या काचेत बसवायचं. बाकीच्या फोनमध्येही तसंच होत गेलं. हे नको असेल तर पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, तिचा अर्थ इतकाच की बाबा रे, तुझी खरी जेवढी रुंदी आहे तेवढीच धर. तुमच्या साइटवाल्याला फोन करा आणि व्ह्यूपोर्ट मेटा टॅग आहे का एवढंच विचारा. नसेल तर टाकायला पाच मिनिटं लागतात.

ती ओळ टाकल्यावर दोनपैकी एक काहीतरी होईल. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार व्यवस्था) असेल आणि तिची थीम, म्हणजे तयार साचा, बऱ्यापैकी नवीन असेल तर पान आपोआप नीट बसेल. किंवा मग पान उजवीकडे बाहेर जाईल आणि आडवं सरकवत बसायला लागेल, म्हणजे आतल्या चौकटींना ठराविक रुंदी ठोकलेली आहे, तिथे मात्र थोडं काम आहे. पण तेही रिस्पॉन्सिव्ह करून घेण्याचं काम आहे, साइट नव्याने बांधायचं नाही. म्हणजे पान एकच ठेवायचं आणि काच लहान झाली की शेजारशेजारचे रकाने एकाखाली एक यायचे. २०१० मध्ये ईथन मार्कॉट या डिझायनरने ही पद्धत एका लेखात मांडली आणि तिचं नावही त्यानेच ठेवलं, आता कुठल्याही शिकाऊ डेव्हलपरला ती येते. तेव्हा मोठा आकडा सांगणाऱ्याला विचारा की नक्की काय काय बदलणार, लिहून दे. लिहून दिलं नाही तर दुसरा बघा.

आता माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं सांगते, कारण नुसती अक्षरं मोठी झाली म्हणून पेट्या खपत नाहीत. हापूसचं गिऱ्हाईक मोबाइलवर साइट उघडतं ते कशाला, तर आजचा रेट काय, माझ्या पिनकोडला येईल का, कधी येईल, आणि खरंच देवगडचा आहे का. आणि साइटवर पहिल्यांदा काय दिसतं? बागेचा भलामोठा फोटो, त्यावर स्वागत आहे, मग आमच्याविषयी, मग आजोबांनी लावलेली कलमं, आणि रेट कुठेतरी तळाला. आजोबांची गोष्ट ठेवा, ती ठेवायलाच हवी कारण विश्वास त्यानेच बसतो, पण ती खाली. वर काय, तर आजचा रेट तारखेसकट, कुठल्या शहरात पाठवता ते, आणि दोन मोठी बटणं, फोन आणि व्हॉट्सॲप. जीआय टॅगचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तेही तिथेच लिहा.

रेटचा तक्ता हा खास मोबाइलवर घात करणारा प्रकार आहे. कम्प्युटरवर सहा रकान्यांचा तक्ता शोभतो, वजन, नग, पेटी, बॉक्स, पुणे, मुंबई असा. फोनवर त्याचा शेवटचा रकाना दिसतच नाही आणि मुंबईचा माणूस पुण्याचा रेट वाचून ऑर्डर देतो, मग वादावादी. तक्त्याची प्रत्येक ओळ वेगळी चौकट करा, म्हणजे ‘पाच डझनची पेटी, मध्यम फळ’ असं मोठ्या अक्षरात, त्याखाली पुण्याचा आणि मुंबईचा रेट, आणि त्याच चौकटीत ऑर्डरचं बटण. आणि कृपा करून रेटचं कार्ड इमेज म्हणून टाकू नका. व्हॉट्सॲपवर आलेलं तेच चित्र साइटवर चिकटवलेलं मी खूप ठिकाणी बघते. त्यातली अक्षरं फोनवर वाचता येत नाहीत, गूगलला त्यातलं फार काही कळत नाही, आणि रेट बदलला की जुनं चित्र तसंच राहून जातं.

फोन नंबरचं पण तसंच. वरच्या पट्टीत डिझाइनचा भाग म्हणून नंबर चित्रात असेल तर त्यावर बोट ठेवून काही होत नाही, माणसाला तो पाठ करून डायल करायला लागतो, आणि तेवढे कष्ट कोण घेतं. नंबर अक्षरात लिहायचा आणि त्याला फोनची लिंक द्यायची. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज भरून ठेवता येतो, म्हणजे बटण दाबलं की ‘मला पाच डझनची पेटी हवी आहे, माझा पिनकोड’ इथपर्यंत तयार, गिऱ्हाइकाने फक्त आकडा टाकायचा. त्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करायचा, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको, बरेच जण तिथे चुकतात आणि मग बटण चालत नाही म्हणतात.

सीझन तोंडावर आहे म्हणताय तर आधी व्ह्यूपोर्ट, मग रेट आणि बटणं वर आणणं, मग फोटो हलके करणं, एवढंच करा. रंगरंगोटी पावसाळ्यात.

प्रश्न : आमचा जुना छापखाना आहे, आता पत्रिका आणि दिवाळी अंकांची छपाई जास्त. साइटवरचा सगळा मजकूर मराठीत आहे. ऑफिसच्या कम्प्युटरवर व्यवस्थित वाचता येतो पण मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. मोबाइलमध्ये मराठी फॉन्ट टाकायला लागतो का? गिऱ्हाइकांना तसं सांगायचं का?
*(मुद्रक, सांगली)*

उत्तर : नाही नाही, गिऱ्हाइकांना काही टाकायला सांगू नका. तुमचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव, नाहीतर डीव्ही-टीटी योगेश अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. छापखान्यात वर्षानुवर्षं हेच चाललं आणि छपाईला ते उत्तमच होतं. पण त्यात आत मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना क, ख, ग चे कपडे चढवतो. तुमच्या ऑफिसच्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं. फोनवर तो नाही, म्हणून कपड्याआतलं खरं रूप दिसतं. पूर्वी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये असले फॉन्ट साइटबरोबर आपोआप उतरवायची एक सोय होती, खूप मराठी साइट त्यावर चालायच्या, पण ती सोय त्या एकाच ब्राउझरपुरती होती आणि तो ब्राउझर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच निवृत्त केला. गूगललाही हा मजकूर मराठी म्हणून दिसत नाही, सांगलीत कोणी ‘लग्नपत्रिका छपाई’ शोधलं तर तुमचं पान त्यात येणार कुठून!

उपाय एकच, सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, म्हणजे जिथे आतही खरी मराठी अक्षरंच साठवली जातात त्या पद्धतीत. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण कन्व्हर्टरमधून काढलं आणि टाकलं असं करू नका, तुमच्याकडे मुद्रितं तपासणारी माणसं आहेत ना, त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या. नेमकं कुठे बिघडतं सांगते. ऱ्य आणि ऱ्ह ही अक्षरं बघा. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, कन्व्हर्टर पुष्कळदा पहिल्याचं दुसरं करतो, कऱ्हाडचं पण कर्हाड होऊन बसतं. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते. ॲ चा गोंधळ होतो, अ‍ॅडव्हान्स कधी एका पद्धतीने तर कधी दुसऱ्या पद्धतीने येतं आणि मग शोधलं तर सापडत नाही. छपाईच्या धंद्यातल्या माणसाच्या साइटवर शुद्धलेखन चुकलेलं असेल तर गिऱ्हाईक आपली पत्रिका द्यायला धजावणार नाही.

फॉन्ट कुठला, तर मुक्ता आहे, नोटो सान्स देवनागरी आहे, दोन्ही फुकट आणि फोनवर छान वाचता येतात. अगदी कुठलाच लावला नाही तरी चालेल हां, अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये देवनागरी मुळातच असते, आणि पान तेवढंच हलकं राहतं कारण देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं खूप असल्यामुळे फाइल इंग्रजीपेक्षा जड असते. लावायचाच असेल तर जाड आणि साधा अशा दोनच जाडीचे घ्या.

आणि डिझाइनर इंग्रजी साइटवरून ज्या सवयी उचलतात त्या मराठीला मारक ठरतात. शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवतात. इंग्रजीत ते चालतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं दिसतं, जसं काही लहान मुलाने ठोकळे मांडलेत. मराठीत ते अंतर शून्य. दुसरं म्हणजे ओळींमधली जागा. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो, आणि बटणावर तर वेलांटीचं टोक कापलंच जातं. अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट जागा ठेवायला सांगा. शिवाय पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद करून घ्या, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. तुम्ही मुद्रक आहात, तुम्हाला हा फरक लगेच डोळ्यात भरेल.

प्रश्न : गुहागरजवळ आमचं होमस्टे आहे. साइट मोबाइलवर दिसते बरोबर, पण उघडायला फार वेळ लागतो. गूगलच्या पेजस्पीडवर टाकून बघितलं तर मोबाइलला लाल रंगात ३४ आले आणि कम्प्युटरला ८८. एवढा फरक कसा? आणि किती मार्क मिळाले म्हणजे पास?
*(होमस्टेचालक, गुहागर तालुका)*

उत्तर : फरक असा की ते टूल मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम मध्यम प्रतीचा फोन आणि संथ ४जी धरतं, आणि कम्प्युटरसाठी चांगलं मशीन आणि जोरदार इंटरनेट. आणि मला ते योग्यच वाटतं, कारण तुमचा पाहुणा घाटात गाडी थांबवून, एक-दोन काड्या रेंजवर तुमचं पान उघडत असतो, त्याला रूम आहे का विचारायचंय, किंवा हायवे सोडल्यावर कुठे वळायचं ते बघायचंय. त्याच्यासाठी ते पान आहे.

नव्वदच्या वर हिरवा, पन्नासच्या खाली लाल, पण मार्कांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा तीन आकडे बघा. पानातली सर्वात मोठी गोष्ट, म्हणजे बहुतेक वेळा वरचा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल केली पाहिजे. आणि तिसरं, पान उघडताना मजकूर जागचा हलता कामा नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत. हे तिसरं लोकांना किरकोळ वाटतं, पण विचार करा, पाहुणा ‘फोन करा’ वर बोट टेकवतोय आणि तेवढ्यात वरचा फोटो उतरला, सगळं खाली सरकलं आणि बोट पडलं ‘इन्स्टाग्राम’वर, तो गेलाच. उपाय साधा आहे, प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहून ठेवायची म्हणजे ब्राउझर आधीच तेवढी जागा राखून ठेवतो.

तुम्ही लिंक पाठवली होती ती मी माझ्या फोनवर उघडली. वर फिरणाऱ्या फोटोंचा स्लायडर आहे, सगळे फोटो फोनमधून काढून थेट चढवलेले दिसतात, एकेक चार-चार एमबीचा. फोनच्या काचेवर हजार-बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो पुरे होतो, तेवढा करून वेबपी प्रकारात साठवला तर दीड-दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. वेबपी नेहमीच्या जेपेगपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश हलकं असतं, आणि २०२० मध्ये आयफोनच्या सफारी ब्राउझरने पण ते घेतल्यापासून आयफोनची अडचण राहिली नाही. स्लायडर काढून टाका असं मी स्पष्टच सांगेन. दुसरा फोटो यायची वाट कोणी बघत नाही, सगळे खाली जातात. समुद्राचा एकच चांगला फोटो वर, बाकीचे खाली, आणि खालचे फोटो माणूस तिथपर्यंत पोचला की मगच उतरतील अशी सोय, लेझी लोडिंग म्हणतात त्याला, ती वर्डप्रेसमध्ये आता असतेच.

मग तुमच्या पानात यूट्यूबचा व्हिडिओ आहे आणि गूगल मॅपची चौकट आहे. दोघंही आपल्याबरोबर भरपूर कोड घेऊन येतात, कोणी त्यांना हात लावो न लावो. व्हिडिओच्या जागी फक्त त्याचं चित्र ठेवा, दाबलं की व्हिडिओ येईल. नकाशाच्या चौकटीत बोट अडकतं हा वेगळाच ताप, माणूस पान खाली सरकवायला जातो आणि नकाशाच सरकत बसतो. त्यापेक्षा ‘रस्ता दाखवा’ असं बटण द्या, ते थेट मॅपचं ॲप उघडेल. आणि त्याच्या खाली चार ओळी लिहा, चिपळूणहून आलात तर कुठे वळायचं, शेवटची खूण कुठली, रात्री आलात तर कुठे रेंज जाते. रेंज गेली तरी उघडून ठेवलेल्या पानावरच्या चार ओळी वाचता येतात, नकाशा मात्र अर्धवट राखाडी होतो. कोकणातल्या होमस्टेला याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही असं माझं मत आहे, आणि ती करायला पैसेही लागत नाहीत.

प्रश्न : आम्ही येवल्यात पैठणी विणतो आणि विकतो. साइटवर साड्या टाकल्यात, लोक बघतात, कार्टमध्ये टाकतात, फॉर्मपर्यंत येतात आणि मग पैसे न भरताच जातात. पेमेंटला आम्ही दुकानातलाच क्यूआर लावलाय, कारण गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचा) खर्च नको. काय चुकतंय?
*(पैठणी विणकर, येवला)*

उत्तर : ताई, तुम्हीच गिऱ्हाईक होऊन बघा. साइट मोबाइलवर उघडलीये, पैसे भरायच्या पानावर क्यूआर आलाय, आता तो स्कॅन कशाने करायचा? फोन तर हातातलाच आहे! दुकानाच्या काउंटरवर क्यूआर उत्तम, कम्प्युटरवर साइट बघणाऱ्यालाही चालतो, पण ज्या फोनवर तो दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन करता येत नाही. काहीजण स्क्रीनशॉट काढतात, यूपीआय ॲप उघडतात, गॅलरीतून तो उचलतात, रक्कम हाताने टाकतात, मग परत येऊन तुम्हाला पावती पाठवतात. साडी हजारांच्या घरातली असेल तर एवढ्या उठाठेवीत माणसाच्या मनात शंका येतेच की पैसे बरोबर जागी जातायत ना.

मोबाइलवर हवं ते असं, ‘यूपीआयने भरा’ बटण दाबलं की फोनमधलं फोनपे, गूगल पे जे असेल ते रक्कम भरूनच उघडायला हवं, पिन टाकला की परत साइटवर, ऑर्डर पक्की. याला इंटेंट म्हणतात. आपल्या साध्या यूपीआय आयडीची तशी लिंक घरच्या घरी बनवता येते, पण ते करू नका, काही ॲप सुरक्षेसाठी असली पेमेंट अडवतात आणि पैसे आले की नाही हे साइटला कळतही नाही. रेझरपे, कॅशफ्री, पेयू असे गेटवे आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारा, यूपीआयला किती घेणार आणि कार्डला किती हे वेगवेगळं विचारा. अर्ध्यावरून परत जाणाऱ्या एका साडीचं नुकसान आणि गेटवेचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा म्हणजे निर्णय सोपा होईल.

आता तो फॉर्म. नाव, आडनाव, कंपनीचं नाव, पत्ता एक, पत्ता दोन, जिल्हा, राज्य, देश, ईमेल, पुन्हा ईमेल, पासवर्ड. कंपनीचं नाव कशाला हवंय साडीला? मोबाइलवर टाइप करणं मुळात जिकिरीचं, त्यात कित्येकांचा कीबोर्ड मराठी-इंग्रजी अदलाबदल करत चालतो. नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता, बस. पिनकोडवरून गाव आणि राज्य आपोआप भरून घेता येतं. खातं उघडायची सक्ती काढा. मोबाइल नंबर आणि पिनकोडच्या रकान्यात बोट ठेवलं की थेट आकड्यांचा कीबोर्ड वर यायला हवा, हे साइटवाल्याला एका शब्दाचं काम आहे. रकान्यातली अक्षरं सोळा पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोन बोट ठेवल्याबरोबर पान मोठं करून टाकतो, मग ‘पुढे जा’चं बटण काचेबाहेर जातं आणि माणूस गांगरतो. ते सोळा करून घ्या. चूक झाली तर लाल अक्षरात ‘इनव्हॅलिड’ न लिहिता ‘मोबाइल नंबर दहा आकडी हवा’ असं लिहा, आणि भरलेलं सगळं पुसून टाकू नका.

एक गोष्ट मात्र वाढवा. पैठणी घेणारे काठ आणि पदर जवळून बघतात, दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते बघतात, मोर बघतात. फोनवर फोटो दोन बोटांनी मोठा होत नसेल तर ती साडी अर्धी न बघितल्यासारखीच. पदराचा एक, काठाचा एक, आणि उलट्या बाजूचा एक असा जवळून काढलेला फोटो हवाच, आणि तो मोठा झाला पाहिजे. हातमागाची ओळख तिथेच पटते.

प्रश्न : एका कंपनीचा सारखा फोन येतो की तुमची साइट मोबाइल फ्रेंडली नाही, गूगल तुम्हाला काढून टाकणार आहे, आमचं पॅकेज घ्या. घाबरायचं कारण आहे का?
*(हार्डवेअर दुकानदार, लातूर)*

उत्तर : अर्धं खरं घेऊन घाबरवतायत. एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाइलवर शोधताना मोबाइलला सोयीच्या साइटना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. पुढे हळूहळू साइट तपासायलाच ते मोबाइलचं रूप वापरायला लागले, आणि जुलै २०२४ पासून जी साइट मोबाइलवर अजिबात उघडतच नाही ती यादीत घेत नाहीत. तुमची साइट वाईट दिसत असली तरी फोनवर उघडते ना? मग कोणी काढून टाकत नाही. नुकसान होतं ते दुसरीकडे. साइट मोबाइलवर मोकळी दिसावी म्हणून काहीजण अर्धी माहिती फोनवर काढून टाकतात. गूगल मोबाइलचं रूप वाचतं म्हणजे तिथे नसलेलं त्याच्या हिशेबी नाहीच. ब्रँडची नावं, मापं, सगळं फोनवरही असू द्या, हवं तर घडी घालून ठेवा, दाबलं की उघडेल असं.

आणि कोणी तुम्हाला गूगलच्या मोबाइल फ्रेंडली टेस्टचा आजचा रिपोर्ट म्हणून कागद दाखवला तर सावध व्हा, ते टूल गूगलने डिसेंबर २०२३ मध्येच बंद केलंय.

प्रश्न : माझी म्हापशात घरगुती बेकरी आहे. ऑर्डर इन्स्टावरून आणि व्हॉट्सॲपवरून येतात. वेबसाइट खरंच लागते का, की उगाच खर्च?
*(बेकरीचालक, म्हापसा)*

उत्तर : ऑर्डर पुरेशा येतायत तर घाई नाही. पण एक छोटं पान तरी स्वतःच्या नावाचं असावं असं मला मनापासून वाटतं, कारण दुसऱ्याच्या अंगणातली जागा कधी जाईल सांगता येत नाही. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट मिळायची, कितीतरी छोट्या दुकानदारांनी केली होती, मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोयच बंद केली.

एकच पान पुरेल, काय काय मिळतं, किमती, किती दिवस आधी सांगायचं, कुठे पोचवता, अंडं आहे की नाही. मेन्यू पीडीएफ नको, फोनवर तो डाउनलोड होऊन कुठेतरी जातो आणि सापडत नाही. हे पान तुमच्या इन्स्टाच्या बायोमधून उघडेल तेव्हा ते इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं, क्रोममध्ये नाही, म्हणून तिथून व्हॉट्सॲपचं बटण चालतं का ते मुद्दाम तपासा. आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर केकचं चित्र आणि नाव दिसतं का तेही. नुसती निळी लिंक आली तर लोक उघडायला बिचकतात, आणि फसवणुकीच्या लिंक एवढ्या फिरतायत तर बिचकणारच.

प्रश्न : चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक पन्नाशीच्या पुढचं. साइट नवीन आहे, मोबाइलवर चांगली दिसते, तरी लोक म्हणतात वाचता येत नाही. मोठी करायला गेलं तर होतही नाही.
*(चष्मेवाले, नाशिक)*

उत्तर : डिझाइन मोडू नये म्हणून तुमच्या साइटवाल्याने दोन बोटांनी मोठं करणं बंद करून ठेवलंय. सुरुवातीला देवगडच्या उत्तरात जी व्ह्यूपोर्टची ओळ सांगितली, त्याच ओळीत हे कुलूप असतं, ते काढायला सांगा. ज्यांना जवळचं दिसत नाही म्हणून ते तुमच्याकडे येतायत त्यांनाच अडवणं बरोबर नाही. अक्षरं फिकट राखाडी असतील तर गडद करा, उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला राखाडी काहीच दिसत नाही. बटणं बोटाच्या मापाची हवीत, गूगल ४८ पिक्सेल आणि ॲपल ४४ पॉइंट असं माप सांगतं, त्यापेक्षा लहान नको आणि दोन बटणं एकमेकांना चिकटूनही नकोत. पान उघडल्या उघडल्या ‘ऑफर’ची जी चौकट येते तिची फुली मला स्वतःला तीनदा दाबायला लागली. ती चौकट काढाच, सगळं पान झाकणाऱ्या असल्या चौकटी गूगललाही २०१७ पासून पसंत नाहीत. ऑफर असेल तर वर एका पट्टीत लिहा.

हे सगळं झाल्यावर दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एखाद्या काकांना त्यांच्याच फोनवर, दुकानाचं वायफाय न देता, साइट उघडायला सांगा आणि डोळे तपासायची वेळ घ्यायला सांगा. मध्ये बोलू नका, नुसतं बघा त्यांचं बोट कुठे अडतंय. तिथे जे अडलं ते लिहून मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.